वर्मी घाव आणि काढता पाय

पहिला वार बसला. दुसराही बसला. आणि त्या दुसऱ्यापायीच माझ्या भाचीचा हेर गढीच्या चौकात आडवा झाला.

हे घडलं शिरड शहापूरला, आमच्या ओसरीवर, एप्रिलमधल्या एका रात्री. अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती. दिवसभर पॉलिशच्या ढोलांची घरघर ऐकून कान किटलेले, त्यामुळे रात्रीची शांतता अंगावर येत होती. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मी पेन्सिलीनं एक गढी काढली होती. चार बुरूज, मधे चौक, एका कोपऱ्यात धान्याचं पेव. चिंचोके म्हणजे पहारेकरी, कवडी म्हणजे त्यांचा सरदार. भाचीचं पात्र म्हणजे शर्टाचं निळं बटण. फाशांचा एकच संच होता, भाच्यानं नांदेडहून येताना आणलेला. वीस पैलूंचा फासा त्यातला, आणि सहा पैलूंचे कमी पडले म्हणून बाकीचे ल्युडोच्या डब्यातले.

निळं बटण पेवाच्या तोंडातून वर आलं, भिंतीच्या सावलीनं सरकत कवडीच्या पाठीशी पोचलं. दोन्ही हातांत आखूड तलवारी. भाचीनं लपून वार केला, तो नेमका लागला आणि सरदाराच्या जीवाचे अठरा गुण गेले. पासष्टांतले अठरा. मग ती म्हणाली, ‘‘मामा, दुसऱ्या हातानं पण मारते.’’ फासा पडला, वार लागला, नुकसान झालं तीन गुणांचं. त्यानंतर तिची पाळी संपली आणि कवडीसकट पाच चिंचोक्यांची पाळी आली. तिचा भाऊ, म्हणजे माझा भाचा, अजून गढीच्या दरवाजाबाहेर होता.

त्या तीन गुणांची किंमत काय पडली, ते या प्रकरणात नीट पाहायचं आहे. टेबलावर खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांत दोन्ही हातांत हत्यार घेऊन दबक्या पावलांनी फिरणारं पात्र नव्या खेळाडूंना फार आवडतं. आणि जवळजवळ प्रत्येक नवा खेळाडू ते चुकीच्या हिशेबानं खेळतो.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. एक जण सूत्रधार असतो. तो जागा, माणसं, संकटं उभी करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते तोंडानं सांगतात. जिथं यश अनिश्चित असेल तिथं वीस पैलूंचा फासा टाकतात, त्यात पात्राचं कौशल्य मिळवतात, आणि बेरीज ठरलेल्या आकड्याला पोचली तर काम फत्ते. चोराचं पात्र या खेळात एक वर्षानं, १९७५च्या पुरवणीत आलं. पाठीमागून घातलेला त्याचा घाव नेहमीपेक्षा जबर असे. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचं नाव ‘रोग’ झालं आणि त्या घावाला ‘स्नीक अटॅक’ म्हणू लागले.

आमच्या ओसरीवर ‘रोग’ हा शब्द चालेना. मराठी कानाला तो आजारच वाटतो. भाचीनं त्याला ‘हेर’ केलं, शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाइक यांच्या आठवणीनं. स्नीक अटॅकला शब्द शोधावा लागलाच नाही, मराठीत तो आयता होता: वर्मी घाव. शत्रूशी गुंतलेले असताना तिथून सुरक्षित बाजूला होण्याची एक चाल असते, तिला आम्ही म्हटलं काढता पाय. तो न घेता कुणी पाठ फिरवली तर शत्रूला एक फुकटचा वार मिळतो, तो पाठवार. पाळीत मुख्य कृतीशिवाय मिळणारी छोटी कृती म्हणजे जोडचाल. हे शब्द ध्यानात ठेवा, पुढचं सगळं यांवरच उभं आहे.

आता हिशेब. २०१४च्या पाचव्या आवृत्तीचे नियम धरू, कारण आम्ही तेच खेळत होतो. पाचव्या पातळीवरचा हेर घ्या. फाशात तो सात मिळवतो. सरदाराचं कवच पंधराचं, म्हणजे फाशावर आठ किंवा जास्त पडायला हवेत. वीसपैकी तेरा पैलू, शंभरात पासष्ट वेळा. वार लागला तर तलवारीचे, हाताची चपळाई धरून, सरासरी साडेसात गुण. त्यावर वर्मी घावाचे तीन फासे, सरासरी साडेदहा.

दुसऱ्या हातातली तलवारही तितक्याच वेळा लागते, पण तिच्या नुकसानीत हाताची चपळाई मिळवत नाहीत. नुसते साडेतीन. शंभरात पासष्ट वेळा साडेतीन, म्हणजे पाळीमागे सव्वादोन गुण. इतकंच! नव्या खेळाडूला वाटतं, दोन तलवारी म्हणजे दुप्पट मार. पण वर्मी घाव एका पाळीत एकदाच घालता येतो, दोनदा नाही.

मग दुसरी तलवार घ्यायचीच कशाला? पहिला वार चुकला तर. दोन्ही वार चुकण्याची शक्यता शंभरात जेमतेम बारा. म्हणजे वर्मी घाव लागण्याची शक्यता पासष्टवरून अठ्ठ्याऐंशीपर्यंत चढते. ही वाढ साडेदहा गुणांवर लागू होते, आणि तिची किंमत पाळीमागे सुमारे दोन पूर्णांक चार दशांश. दुसऱ्या पात्याच्या स्वतःच्या मारापेक्षा ही दुसरी संधीच थोडी अधिक मोलाची. अकराव्या पातळीवर वर्मी घावाचे सहा फासे होतात, तेव्हा संधीचं मोल दुप्पट होतं आणि पात्याचं जवळपास आहे तिथंच राहतं. हेर जसजसा मुरतो तसतसं डाव्या हातातलं पोलाद कमी महत्त्वाचं होतं आणि डावा हात जास्त.

यातून निघणारा नियम मी भाचीला दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सांगितला. पहिला फासा पडेपर्यंत दुसऱ्या हाताचं काही ठरवायचं नाही. पहिला वार चुकला तर डावा हात चालव. पहिला लागला तर डावा हात आवर आणि जोडचाल काढता पाय घेण्यात घाल. दुसऱ्या पातळीपासून हेराला दडणं, धावणं आणि काढता पाय घेणं हे तिन्ही जोडचालीत करता येतं, आणि डाव्या हाताचा वारही त्याच जोडचालीतून जातो. एकाच खिशातले पैसे दोन्हीकडे मोडतात. आदल्या रात्री तिनं सव्वादोन गुणांच्या आशेवर तो खिसा रिकामा केला होता.

दुसरी चूक याहून बारीक होती. वर्मी घाव घालायला दोहोंपैकी एक गोष्ट लागते. एक तर तुमचा वरचष्मा हवा, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याचा हक्क, नाहीतर शत्रूच्या पाच फुटांत तुमचा कुणी शुद्धीवर असलेला सोबती हवा. लपून केलेल्या वाराला वरचष्मा मिळतो. पण तो वार करताच तुम्ही उघडे पडता. म्हणजे एकट्या हेराचा पहिला वार चुकला, तर दुसऱ्या वाराला वर्मी घाव उरतच नाही. ज्या दुसऱ्या संधीसाठी डाव्या हातात हत्यार धरलं, तीच एकटेपणात मिळत नाही. चित्रपटांतून आपल्या मनात ठसलेला एकांडा, काळ्या कपड्यांतला, दोन पात्यांचा मारेकरी या खेळाच्या गणितात सगळ्यांत दुबळा ठरतो. दोन तलवारींच्या हेराला शेजारी ढालवाला हवाच.

आकड्यांत हे जितकं स्पष्ट दिसतं, तितकंच आपल्या इतिहासातही दिसतं. दोन हत्यारं म्हटलं की मराठी मनासमोर आधी बाजीप्रभू येतात. १३ जुलै १६६०, घोडखिंड. चित्रांत आणि पुतळ्यांत त्यांच्या दोन्ही हातांत शस्त्रं दिसतात. दोन्ही हातांनी पट्टा फिरवणारे आजही कोल्हापूरच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यांत पाहायला मिळतात. दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, मनगट आत बांधल्यासारखं होतं, त्यामुळे वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. खेळाडू स्वतःभोवती गिरकी घेत जातो आणि लवचीक पात्यांचं कडं तयार होतं. त्या कड्यात शिरायची कुणाची छाती होत नाही. पण हे लपण्याचं शस्त्र नव्हे. पात्यांचा सपसप आवाज लांबूनच येतो. ते वाट अडवण्याचं, गर्दी थोपवण्याचं शस्त्र आहे. खेळाच्या भाषेत बाजीप्रभू हे हेर नव्हेत, ते योद्धा आहेत. ही दोन कामं एकाच पात्राच्या माथी मारली की दोन्ही बिघडतात.

हेराची जोडी दुसरी. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. सभासदाच्या बखरीप्रमाणे शिवाजी महाराजांच्या डाव्या हातात वाघनखं होती आणि उजव्यात बिचवा. शिवभारतात तपशील निराळा आहे, तिथं कृपाण येतं. पण बखरीतली जोडी शस्त्र म्हणून बारकाईनं पाहण्यासारखी आहे. वाघनख म्हणजे एक लोखंडी पट्टी, तिला आतल्या बाजूला वाकड्या नख्या आणि टोकांना बोटांत घालायच्या कड्या. मूठ मिटली की बाहेरून फक्त अंगठ्या दिसतात. बिचव्याचं पातं विंचवाच्या नांगीसारखं दुहेरी वळणाचं, बाहीत मावेल इतकं आखूड. दोन्ही शस्त्रं हातभरापेक्षा लांब अंतरावर निरुपयोगी. ती घेऊन जाणाऱ्याला शत्रूनं स्वतः मिठीत घ्यावं लागतं. आणि बखरकारानं वर्णिलेला क्रमही लक्षात घ्या: आधी अफजलखानाचा वार, तो अंगातल्या चिलखतानं झेलला, मग डावा हात, मग उजवा. अंतर, चिलखत आणि सोबतीला जिवा महाला, सगळं आधी ठरलेलं. शस्त्रं शेवटी.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. ती नेमकी त्या दिवशीची आहेत याची खात्री देता येत नाही, असं लंडनच्या त्या संग्रहालयानंच म्हटलं आहे. तरीही कुठल्या संग्रहालयात वाघनखं दिसली तर काचेसमोर उभं राहून आपली मूठ मिटून पाहा. खेळात ‘लपवता येण्याजोगं शस्त्र’ असं नुसतं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तिथं हाताला कळतो.

आणि काढता पाय? त्याचा धडा लाल महालाइतका दुसरीकडे कुठंच नाही. ५ एप्रिल १६६३, रमजानचा महिना. शाइस्तेखान ज्या वाड्यात मुक्काम ठोकून होता त्यात महाराजांचं लहानपण गेलेलं, म्हणून आतली वाट पाठ. मुदपाकखान्यातून आतल्या दालनांकडे जाणारी वाट विटांनी बुजवलेली होती, ती फोडून माणसं शिरली. अंधारात झटापट झाली, खानाची बोटं तुटली, त्याचा मुलगा मारला गेला, खान स्वतः वाचला. आता आमच्या ओसरीवरचा कुठलाही खेळाडू म्हणाला असता, ‘‘अजून एक वार!’’ पण भोवती मोगलांची प्रचंड छावणी होती. घाव घालून माणसं बाहेर पडली. पाठलाग भलत्या दिशेला कसा गेला याची जी कथा लोकांत रुजली, बैलांच्या शिंगांना बांधलेल्या पलित्यांची, तिनं मराठीला ‘कात्रजचा घाट दाखवणं’ हा वाक्प्रचार दिला. खान वाचला तरी मोहीम यशस्वी ठरली. औरंगजेबानं त्याची बदली बंगालला केली. हेराच्या पात्रानं शत्रूला मारलंच पाहिजे असं नाही. त्याला तिथून हलवणं पुष्कळदा पुरतं, आणि चांगला सूत्रधार त्याचेही गुण देतो.

परदेशांतही डाव्या हाताचा विचार साधारण असाच झालेला दिसतो. युरोपातल्या रेपियरबाजांच्या डाव्या हातातला खंजीर मुख्यतः समोरचं पातं अडवायला असे. जपानचा मियामोतो मुसाशी दोन तलवारींसाठी प्रसिद्ध झाला, पण तीही उघड्या द्वंद्वाची विद्या. खेळाच्या जगात दोन तलवारींचं वेड पसरवलं ते आर. ए. साल्व्हातोरे यांच्या ड्रिझ्ट या पात्रानं. १९८८च्या कादंबरीत ते पहिल्यांदा आलं, दोन वक्र तलवारी घेऊन. गंमत अशी की ड्रिझ्ट हेर नाही, तो रानवाटा जाणणारा रेंजर आहे. त्याची नक्कल करत हेर खेळणारे म्हणूनच फसतात.

नियमही आता बदलले आहेत, तेही सांगायला हवं. २०२४च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक हत्याराला एक खास गुण दिला आहे आणि हेराला अशा दोन हत्यारांत प्रावीण्य मिळतं. खंजिराचा गुण असा, की डाव्या हाताचा जादा वार मुख्य कृतीतच बसतो, जोडचाल खर्च होत नाही. आखूड तलवारीचा गुण असा, की तिचा वार लागला की त्याच शत्रूवरच्या पुढच्या वाराला वरचष्मा मिळतो. म्हणजे एका हातात आखूड तलवार, दुसऱ्यात खंजीर. दोन्ही वार करा आणि वर जोडचालीत काढता पायही घ्या. माझा सगळा हिशेब या एका जोडीनं सोपा करून टाकला आहे. एक मात्र तसंच राहतं: दोन्ही हात भरलेले असतील तर ढाल नाही. हेराचं अंग मुळात नाजूक, आणि फक्त चामड्याचं कवच. वार किती करता यापेक्षा पाळी संपताना कुठं उभे असता, हेच अजूनही त्याचं जगणं ठरवतं.

एक छोटी गोष्ट पुस्तकांत सहसा लिहिलेली नसते. दबकत जाताना दोन्ही हत्यारं उपसून जाऊ नका. दोरावर चढायला, कडी काढायला, कुलपात तार घालायला हात मोकळा लागतो. माझ्या टेबलावर मी हे कसोशीनं विचारतो: कडी कोणत्या हातानं काढलीस? उत्तर नसेल तर एक तलवार म्यानात आहे असं धरतो.

दुसऱ्या रात्री आम्ही तीच गढी पुन्हा मांडली. या वेळी भाऊ आधी दरवाजातून आत शिरला, ढाल पुढं करून, भरपूर आरडाओरडा करत. पाचांतले तीन चिंचोके त्याच्याकडे वळले. कवडीही वळली आणि थेट त्याच्या समोर जाऊन भिडली. आता सोबती पाच फुटांत होता. निळं बटण पेवातून वर आलं. भाचीनं फासा टाकला. पाच पडले. पाच आणि सात बारा, वार हुकला. कालची भाची इथं हिरमुसली असती. आज तिनं काही न बोलता डाव्या हाताचा फासा उचलला. चौदा. एकवीस! साधे साडेतीन नाहीत, वर्मी घावाचे तीनही फासे, कारण भाऊ शेजारी उभा होता. ल्युडोचे फासे कॅलेंडरवर घरंगळले आणि एक हळदीच्या ढिगात जाऊन पडला. तो शोधायला टॉर्च घेऊन आम्ही तिघंही अंगणात उतरलो. सापडला तेव्हा पिवळा झाला होता, आणि वर सहाची बाजू होती.

पुढच्या पाळीला पहिलाच वार लागला. सरदार लटपटत होता, पण पडला नव्हता. भाऊ ओरडला, ‘‘मार ना अजून एक, पडतोय तो!’’ भाचीनं नकाशाकडे पाहिलं, दोन मोकळे चिंचोके मोजले, आणि बटण उचलून बुरुजाच्या सावलीत ठेवलं. ‘‘काढता पाय,’’ ती म्हणाली. सरदाराला भावानं संपवलं.

त्या रात्री वहीत आमचे शब्द आम्ही नीट उतरवून काढले. हेर, वर्मी घाव, वरचष्मा, जोडचाल, पाठवार, काढता पाय. दोन दिवस आधी हेच नियम इंग्रजीतून समजावताना माझी तारांबळ उडत होती. शब्द मराठी झाल्यावर भाचा-भाची नियमांवरून माझ्याशीच वाद घालू लागली.

या खेळाचे पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले आहेत. मूळ कर्त्यांचा योग्य उल्लेख करून ते कुणीही भाषांतरित करू शकतं, छापूही शकतं, आणि त्यासाठी कुणाची वेगळी परवानगी लागत नाही. ज्यांना हे काम करावंसं वाटेल त्यांनी एखाद्या सुट्टीत मुलांना घेऊन बसावं आणि हेराच्या पानापासून सुरुवात करावी. आमची वही मागितली तर मी देईन. तिच्या दोन पानांवर हळदीचे डाग आहेत, पण अक्षर वाचता येतं.